परवानगी आपण केव्हाच दिलेली असते



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या वर्गात अवघड प्रश्न टाळायची सोय नव्हती, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा मीही आज सोपा विषय घेतलेला नाही. बालरोगतज्ज्ञाला बोलावलं की कुपोषण, लसीकरण, सिकलसेल यांपैकी काहीतरी ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असते. त्या तिन्हींवर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण अलीकडे दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो, आणि तो बहुधा आई औषधं घ्यायला मेडिकलवर गेली की येतो. वडील खुर्ची पुढे ओढतात, आवाज खाली आणतात आणि विचारतात, “डॉक्टर, पोरगं आता सोळाचं झालं. बारावी झाली की पुण्याला नाहीतर नागपूरला जाईल. तिकडं चोरून कुठं पिऊन पडण्यापेक्षा घरीच, आपल्या डोळ्यांसमोर, जराशी घेऊ दिली तर काय बिघडलं?”

विचारणारा माणूस बेवडा नसतो. तो शिक्षक असतो, कृषी केंद्राचा मालक असतो, एसटीत नोकरीला असतो. अधूनमधून मित्रांसोबत बसणारा, पण संसार नीट चालवणारा आणि लेकराची काळजी असलेला बाप. त्याला झिडकारून चालत नाही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही. अठरापर्यंत मुळीच नाही, आणि त्यानंतरही जितकं लांबेल तितकं बरं. पण हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं असं, की ज्या परवानगीबद्दल तो बाप विचारतो आहे ती सोळाव्या वर्षी द्यायची राहिलेलीच नसते. पोरगं सात-आठ वर्षांचं असतानाच त्याने ती देऊन टाकलेली असते, आणि आपण ती दिली हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. आज मी मुख्यतः या दुसऱ्या अर्ध्याविषयी बोलणार आहे. पण पहिलं अर्धं आधी पक्कं करून घेऊ.

बापाची बाजू नीट मांडली पाहिजे. तो म्हणतो, बंदी घातली की ओढ वाढते. तो म्हणतो, आज ना उद्या पोरगं पिणारच, सगळेच पितात. मग निदान किती आणि कशी प्यायची हे घरात शिकू दे. थोडा वाचणारा असेल तर तो फ्रान्स-इटलीचा दाखला देतो. तिथे जेवणाच्या टेबलावर मुलांना पाणी घातलेली वाईन देत आले आहेत, तिथली पोरं कुठे बिघडली? इंग्लंडच्या कायद्यात तर घरच्या घरी पाच वर्षांवरच्या मुलाला दारू देणं गुन्हाही नाही. पोराला पोहायला शिकवायचं तर बाप त्याच्या कमरेला डबा बांधून विहिरीत उतरतोच ना, तसंच हे, असा त्याचा एकूण हिशेब असतो.

ऐकायला पटतं. तपासून पाहिलं की पटत नाही.

‘सगळेच पितात’ इथूनच सुरुवात करू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणारे निघाले साधारण १४ टक्के. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात १० ते १७ वयाच्या मुलांमध्ये दारूचं प्रमाण होतं १.३ टक्के. अशा पाहण्यांत लोक थोडं लपवतात हे धरून चला, आकडा दुप्पट करा, तरी बहुसंख्य पुरुष पीत नाहीत आणि मुलं तर फारच थोडी पितात. ‘सगळे’ म्हणजे आपल्या बैठकीतले सगळे. बैठकीबाहेर बसलेला मोठा महाराष्ट्र आपल्याला दिसत नाही, आणि आपण पोराला सांगतो की जग असंच आहे.

आता घरी चाखवण्याचा उपयोग. ऑस्ट्रेलियात मुलांना घरी बिअर-वाईन चाखवणारे पालक पुष्कळ. तिथल्या संशोधकांनी १,९२७ मुलं आणि त्यांचे पालक निवडले. मुलं सातवीच्या आसपास असताना सुरुवात केली आणि सहा वर्षं दरसाल त्यांची विचारपूस केली. २०१८ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. पालकांनी दिलेल्या दारूने मुलांचं रक्षण झाल्याचा पुरावा कुठेच मिळाला नाही. उलट ज्यांना घरून मिळत होती, ती पुढे बाहेरूनही मिळवू लागण्याची शक्यता जास्त दिसली, आणि अपायही जास्त. त्याआधी २०११ साली अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आणि ऑस्ट्रेलियातला व्हिक्टोरिया प्रांत यांची तुलना झाली होती. एकीकडचा समाज या बाबतीत कडक, दुसरीकडचा सैल. तरी दोन्हीकडे, मोठ्यांच्या देखरेखीखाली प्यायलेली मुलं पुढे दारूपायी जास्त अडचणीत आली.

आणि फ्रान्स? त्या देशात १९५६ सालापर्यंत शाळेच्या जेवणात लहान मुलांनाही वाईन मिळत असे. त्या वर्षी चौदा वर्षांखालच्यांसाठी ती बंद झाली, १९८१ साली मोठ्या मुलांसाठीही. विसाव्या शतकाच्या मध्याला यकृताच्या सिऱ्होसिसने मरणाऱ्यांचं फ्रान्समधलं प्रमाण जगातल्या सर्वांत वरच्या प्रमाणांपैकी होतं. इंग्लंडमध्येही कायदा काही म्हणो, तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने २००९ साली पालकांना स्पष्ट सल्ला दिला की पंधरा वर्षांपर्यंत मुलांना दारू अजिबात नको. म्हणजे आपण ज्यांचा दाखला देतो ते स्वतः त्या वाटेवरून मागे फिरले आहेत.

असं का होतं, याचं थोडं शरीरशास्त्र. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे ‘थांब, पुरे झालं’ म्हणणारा भाग, पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. जे थांबायला शिकवायचं म्हणून आपण पेला हातात देतो, ते थांबवणारं यंत्रच तेव्हा अर्धवट तयार असतं. दुसरं, प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की कोवळ्या वयात दारूने झोप आणि झोकांड्या कमी येतात, पण स्मरणशक्तीवर घाला जास्त पडतो. “आमच्या पोराला चढतच नाही,” असं कौतुकाने सांगणारे बाप मी पाहिले आहेत. चढत नाही म्हणजे पचते असं नाही. धोक्याची घंटा वाजत नाही, एवढंच. तिसरं, अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीवर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चौदा किंवा त्याआधी सुरुवात केलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या पुरते आहारी गेलेले आढळले. विशीत किंवा नंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. यात सगळा दोष वयाचाच असं मी म्हणणार नाही. लवकर सुरुवात करणाऱ्यांच्या घरची परिस्थितीही वेगळी असते. व्यसनाच्या धोक्याचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो. मग घरी दिल्या-न दिल्याने काय फरक पडतो, असं कुणी म्हणेल. पण याचा अर्थ उलटच निघतो. ज्या घरात आजोबा किंवा काका दारूने गेले, त्या घरातल्या पोरासाठी ‘जराशी’ हे माप सगळ्यांत धोक्याचं. विहिरीतल्या पाण्याची चटक लागून कोणी रोज बुडायला जात नाही. तिथेच ती पोहण्याची उपमा संपते.

आता कायदा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्या राज्यात बिअर-वाईनसाठी २१ आणि त्याहून कडक दारूसाठी २५ ही वयाची अट आहे. शिवाय परवाना लागतो. देशीसाठी दोन रुपयांचा आणि विदेशीसाठी पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना असतो, हे इथे बसलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे, असं मी विचारणार नाही. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याची दोन कलमं मात्र प्रत्येक घराला ठाऊक हवीत. कलम ७७ सांगतं की अठरा वर्षांखालच्या मुलाला जो कोणी दारू देईल किंवा द्यायला लावेल, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘जो कोणी’ यात बाप आला, मामा आला, लग्नातला चुलतभाऊही आला. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. तेव्हा पोलिसांनी मुलाच्या वडिलांवर आणि दारू देणाऱ्या ठिकाणांच्या लोकांवर बाल न्याय कायद्याखाली गुन्हा नोंदवला, त्यात हे कलम होतं.

पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं कलम पुढचं आहे, ७८. दारू विकायला, पोचवायला किंवा नुसती वाहून आणायला मुलाचा वापर केला तरी तीच सजा. आता आपल्या गल्लीतली शनिवारची संध्याकाळ आठवा.

गच्चीवर नाहीतर मागच्या अंगणात सतरंजी पडली आहे. बाबांचे तिघे मित्र आले आहेत. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात शंभराची नोट ठेवली जाते. “जा बेटा, दोन सोडे आण, फरसाणचं पाकीट आण, अन् उरतील त्यात तुला चॉकलेट.” पोरगं धावत जातं, धावत येतं. फ्रिजमधून बर्फाचा ट्रे काढून पाण्याच्या नळाखाली धरून खडे सुटे करायला त्याला आता शिकवावं लागत नाही. कोणत्या काकांना पाणी लागतं आणि कोणत्या काकांना सोडा, हे तो बिनचूक सांगतो. झाकणाच्या रंगावरून बाटली ओळखतो. सगळे हसतात, “लई हुशार आहे बरं तुझं पोट्टं!” मूठभर शेंगदाणे त्याच्या हातावर पडतात. एरवी अभ्यासावरून डाफरणारे बाबा या वेळी त्याला जवळ ओढून बसवतात. आत स्वयंपाकघरात आई भजी तळते आहे आणि बोलत नाही. कुठे कुठे तर याच वयाच्या पोराला थेट भट्टीवर पाठवतात. नव्वदी नाहीतर चपटी खिशात घालून ते घरी येतं, आणि दुकानदार नाव विचारत नाही, कारण बापाला ओळखतो.

या अर्ध्या तासात मुलगा काय शिकला? बाबा सगळ्यांत छान असतात ते या वेळी. मोठ्या पुरुषांच्या मंडळात शिरायचं दार इथे आहे. आईचं तोंड बंद होतं, तरी काही बिघडत नाही. एवढं शिकून झाल्यावर सोळाव्या वर्षी तुम्ही त्याला एक घोट देता की देत नाही, याला कितीसं महत्त्व उरलं? शाळेत प्रवेश आधी मिळाला, वर्गात बसायला तेवढं तो नंतर आला.

सणांचंही तेच. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैलाला झूल चढवून, स्वतः नटूनथटून लेकरं घरोघर जातात, बोजारा गोळा करतात. इतका गोड सण विदर्भाबाहेर सापडत नाही. आणि तोच दिवस करीचा. मटण, पत्ते आणि बाटली. ज्या रस्त्यावरून पाच वर्षांचं पोरगं दोरीने नंदी ओढत येतं, त्याच रस्त्याच्या कडेला त्याचा बाप नाहीतर शेजारी झिंगून बसलेला असतो, आणि बोजाऱ्याची दहाची नोट तोच त्याच्या हातात कोंबतो. लग्नसराईत वरातीपुढे डीजे लागला की पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या हातात प्लास्टिकचा ग्लास कोण देतं? अनोळखी गुंड देत नाही. मावसभाऊ देतो, नवरदेवाचा मित्र देतो, आणि वडीलधारे ‘आजचा दिवस’ म्हणून तोंड फिरवतात.

गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ साली. त्यात सुधाकराच्या हाती पहिला पेला येतो तो तळीरामाच्या नादाने. शंभर वर्षं आपण ते नाटक पाहतो आणि तळीरामाला घराबाहेर शोधतो. वाईट संगत, हॉस्टेल, पुणे, सिनेमा. त्यापैकी काहीच खोटं नाही. पण सुधाकर निदान मोठा झाल्यावर, शिकून वकील झाल्यावर पहिल्यांदा पेल्याशी भेटला होता. आपल्या मुलांची ती भेट बालवाडीतच होते.

दवाखान्यातलीही एक गोष्ट सांगतो. बाळाला सर्दी झाली की छातीला ब्रँडी चोळायची, चमचाभर पाजायची, हा सल्ला अजून आज्या देतात. त्यात माया असते, औषध नसतं. लहान बाळाच्या रक्तातली साखर दारूने झपकन उतरू शकते, आणि त्यात झटके येऊ शकतात. कलम ७७ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याचा अपवाद आहे. डॉक्टर म्हणून सांगतो, सर्दी-खोकल्यासाठी तसा सल्ला मी देणार नाही. ब्रँडीची ती बाटली देवघराशेजारच्या कपाटात ‘औषध’ म्हणून राहते, तेव्हा दारू औषध असते हेही मूल शिकतं.

आता मोहाचा मुद्दा घेतो. यवतमाळात बसून या विषयावर बोलताना तो टाळता येत नाही. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या भागातल्या गोंड, कोलाम, परधान घरांत मोहाला देवाचं स्थान आहे. उन्हाळा लागताना पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. बाया आणि लेकरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन पोचतात. अंगणात फुलं वाळतात, त्यांचे पदार्थ होतात, ती जनावरांना घालतात, आणि त्यांची दारूही होते. ती दारू आधी देवाला, पितरांना. धरतीवर धार सोडायची, मग जाणत्यांनी घ्यायची. जन्म, लग्न, मरण यांत तिचं काम असतं. शहरातले काही सुशिक्षित याचा दाखला देतात. त्या घरांत पोरंही चाखतात, मग तिथे का नाही चालत तुमचं लॅन्सेट?

या रिवाजाची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. क्लबात बसून ‘आदिवासी फार पितात’ म्हणणाऱ्यांचा तर मला राग येतो. पण नीट पाहा, त्या पिण्याला आवर कशाने होता? फूल वर्षातून एकदाच पडायचं. दारू स्वतःच्या हातांनी, थोडी, प्रसंगापुरती गाळली जायची. पहिला मान देवाचा होता, आणि सगळं पंचांच्या, म्हाताऱ्यांच्या देखत. विकायची नव्हती, उधारीवर मिळत नव्हती. आवर घातला होता तो या सगळ्याने, मुलाने चाखलेल्या थेंबाने नाही. आज नाल्याकाठी प्लास्टिकच्या ड्रमात गूळ-नवसागराचा सडवा आंबतो आणि त्याची दारू बारा महिने, चोवीस तास विकली जाते. देव त्यातून निघून गेला आणि धंदा उरला. याच गावांतल्या बाया आता हातभट्ट्या फोडायला निघतात. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूवर बंदी किंवा नियंत्रण घालण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो वापरावा म्हणून भांडणाऱ्याही बहुधा बायाच असतात. ज्या बैठकीला ना देव, ना सण, ना पंच, त्या शनिवारच्या बैठकीसाठी मोहाची साक्ष काढता येणार नाही.

बापाला मी आणखी एक प्रश्न विचारतो. पोराला घरी संयमाने प्यायला शिकवायचं म्हणता, तर सोळा वर्षांच्या लेकीलाही शिकवणार का? ती पण पुण्याला जाणार आहे, तिलाही मैत्रिणी पार्टीला बोलावणार आहेत. बाप दचकतो. ‘पोरीचं वेगळं,’ म्हणतो. का वेगळं? संयम शिकवायचा असता तर तो दोघांना शिकवला असता. म्हणजे घरात पेला द्यायचा विचार येतो तो पोराला पुरुषांच्या मंडळात बसवण्यासाठी. लेकीला नको हे बापाचं मन बरोबर सांगतं. तेच मन पोराच्या बाबतीतही ऐकावं, एवढंच माझं मागणं आहे.

आणि ‘पालकांनी परवानगी द्यावी का’ या प्रश्नात आई कुठे आहे? मी ऐकलेल्या या प्रश्नांत ती मेडिकलच्या खिडकीशी उभी असते.

या जिल्ह्यातल्या आया मात्र गप्प बसलेल्या नाहीत. आपल्या पूर्वेला वर्धा नदी. नदीपलीकडचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला आली आणि २७ मे २०२१ ला सरकारने उठवली. चंद्रपुरानंतर आपल्याकडेही ‘स्वामिनी’च्या नावाखाली हजारो बाया जिल्हाबंदीसाठी रस्त्यावर उतरल्या. बंदी हवी की नको, यावर माझ्या ओळखीच्या चांगल्या माणसांतही मतभेद आहेत. चंद्रपुरात बंदी होती तेव्हा वणीच्या बाजूने नदी ओलांडून बाटल्या जात होत्या, हे आपण पाहिलं आहे. बंदी उठवताना जी कारणं सांगितली गेली, त्यांत अवैध धंद्यात बाया आणि पोरं ओढली गेली हेही एक होतं. दुसऱ्या बाजूला दुकानं उघडी असली म्हणजे माणसं शहाणी होतात असंही नाही. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दुकानं बंद होती, तेव्हा वणीत सात जण सॅनिटायझर पिऊन मेले. तलफ त्या टोकाला जाते ती एका रात्रीत नाही. तिची सुरुवात कुठल्या वयात, कुणाच्या हाताने होते, याची चौकशी कोणत्याच पंचनाम्यात होत नाही.

बंदीचा निर्णय सरकार घेईल तेव्हा घेईल. गावातलं दुकान बंद करायचं तर मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारायची सोय २००८ च्या नियमांनी दिली आहे. पुरेशी मतं आडव्या बाटलीला पडली की दुकान उठतं. पण घरातली सतरंजी उचलायला मतदान लागत नाही. तेव्हा घरात काय करायचं, ते सांगतो.

पहिलं, मुलाला या कामाला लावायचं नाही. सोडा नाही, बर्फ नाही, फरसाण नाही, रिकाम्या बाटल्या उचलणं नाही. कायद्याच्या भीतीने नव्हे, तर त्या कामातूनच खरी परवानगी जाते म्हणून. प्यायचीच असेल तर स्वतः उठा, स्वतः आणा, आणि लेकरासमोर बसू नका. एवढ्याने बैठका निम्म्या होतील असा माझा अंदाज आहे.

दुसरं, दारू घरात आणू नका, पण तिच्याबद्दलचं बोलणं आणा. मुलगा-मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की बोला. घरातला जो कोणी दारूने गेला, त्याच्याबद्दल आपण ‘पोटाच्या आजाराने वारला’ असं सांगतो. खरं सांगा, पण शिव्या न देता. आजार होता, औषध होतं, आम्ही उशीर केला. आपल्या घराण्यात हा धोका आहे हे मुलांना कळू द्या, रक्तदाब-मधुमेह सांगतो तसं.

तिसरं, नियम एकच आणि स्वच्छ असू द्या. कायद्याच्या वयापर्यंत नाही. ‘थोडी चालते, पण बाहेर नको’ असा नियम मुलाला नियम वाटत नाही, वाटाघाट वाटते. आणि त्या नियमाबरोबर एक वचन द्या. कधीही, कितीही वाजता, कुठेही अडकलास तर फोन कर. मी येईन किंवा कुणाला पाठवीन. त्या रात्री ओरडणार नाही, सकाळी बोलू. हे वचन पाळायला पेला पाजण्यापेक्षा जास्त हिंमत लागते. सकाळी बोलायचं म्हणजे सकाळी खरंच बोलायचं, हेही त्यात आलं.

चौथं, तरीही कधी पोरगं पिऊन बेशुद्ध पडलं तर ताक, लिंबूपाणी, कॉफी काही पाजू नका. ते श्वासनलिकेत जाऊन जीव जातो. गार पाण्याने आंघोळ घालू नका. कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका, आणि बदनामीचा विचार न करता दवाखान्यात आणा. ‘झोपेल अन् उतरेल’ म्हणून खोलीचं दार लावून घेणं जिवावर बेतू शकतं.

पाचवं, हे एकट्या घराचं काम नाही. आइसलँड नावाच्या चिमुकल्या देशात १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायल्याचं सांगत होती. २०१६ साली तो आकडा ५ टक्क्यांवर आला. त्यांनी केलं काय? शाळेच्या पालकांनी एकत्र बसून लेखी ठरवलं की कुणाच्याच घरी मुलांना दारू द्यायची नाही आणि रात्री मुलांना बाहेर भटकू द्यायचं नाही. आणि संध्याकाळी मुलांना जायला खेळ, संगीत, क्लब उभे केले, त्यासाठी पैसे दिले. आपल्याकडे पालकसभा होते, सह्या होतात, चहा होतो. एकाच बॅचच्या पालकांनी एवढं एक ठरवलं तरी ‘त्याच्या घरी चालतं’ हे पोराचं हत्यार बोथट होतं. आणि तालुक्याच्या गावात संध्याकाळी सातनंतर पंधरा वर्षांच्या पोराला पानटपरी सोडून कुठे जाता येतं, याचं उत्तर नगरपरिषदेला विचारायला हवं. कबड्डीचं मैदान, दिवे असलेली व्यायामशाळा, उघडी अभ्यासिका, हा दारूबंदीचाच खर्च आहे.

आणि ज्या बापाला स्वतःलाच थांबता येत नाही, त्याने लाजू नये. आपल्या इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. ‘टेलीमानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बापाने उपचार घेतले आणि मुलाने ते पाहिले, तर त्याहून मोठा धडा कोणत्या पुस्तकात नाही.

शेवटी आपल्याच वऱ्हाडातल्या एका माणसाचं नाव घेतो. गाडगेबाबा. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडील झिंगराजी दारूपायी गेले, आणि लहानग्या डेबूला आईबरोबर मामाच्या दारी जाऊन गुरं राखावी लागली. पुढे त्यांच्या स्वतःच्या घरी लेकराचं बारसं आलं. बारशाला जातभाईंना दारू आणि मटण घालायची रीत होती. चरित्रांत असं सांगतात की त्यांनी ती मोडली आणि पंगतीला गोडाचं जेवण वाढलं. लोक रुसले, बोलले. कीर्तनं, धर्मशाळा, खराटा हे सगळं नंतर आलं. गावाला सांगण्याआधी त्यांनी स्वतःच्या घरचं पान बदललं होतं, आणि तेही मूल पाळण्यात असताना, सोळाचं होईपर्यंत थांबून नव्हे.

कापूस घरात आला की आता लग्नसराई सुरू होईल. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी घरांत लग्न, बारसं, वास्तू असेल. पत्रिका छापायच्या आधी नवरा-बायकोने बसून एवढं ठरवा, की आपल्या दारच्या कार्यात वरातीपासून पंगतीपर्यंत पेला फिरणार नाही, आणि ते व्याह्यांना आधीच कळवा. कुणी रुसलं तर रुसू द्या.

आता प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न बायांकडून येऊ द्या, पुरुषांचा मी दवाखान्यात ऐकला आहे.